टपालाने येणारे आजार

जयंती कर्णिक आणि नंदकुमार टिपणीस यांची पहिली भेट झाली तेव्हा अंधेरीतली निम्मी वस्ती रस्त्यावर आली होती, असं जयंतीचे वडील शेवटपर्यंत सांगत. खरं म्हणजे तो साधा बघण्याचा कार्यक्रम होता. जयंतीने पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या. मुलाच्या आईने घसा साफ केला. आता ती 'गाणं येतं का' विचारणार, मग मामा 'शिवणकाम?' म्हणणार, हे सगळ्यांना पाठ होतं. तेवढ्यात मुलगाच बोलला. तोंडात पोहे असताना बोलला.

"तुम्हाला उंचावरून पडल्याची स्वप्नं पडतात का हो?"

यानंतर जी शांतता पसरली तिच्यात म्हणे शेजारणीच्या कुकरने येत असलेली शिट्टी परत आत घेतली. आत्याने देव्हाऱ्याच्या दिशेने हात जोडले. धाकटा भाऊ सोफ्यामागे गेला तो दुसऱ्या दिवशी दूधवाला आल्यावर बाहेर आला. वडिलांच्या घशात अख्खी हिरवी मिरची उतरली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, मुठी वळल्या आणि त्यांना पाणी द्यायला उठलेली माणसं एकमेकांवर आपटली. या प्रलयात नंदकुमार तेवढा शांत होता. तो वडिलांकडे टक लावून बघत आपल्या आईच्या कानात म्हणाला, आणि त्याचं कानातलं बोलणं नेहमी फाटकापर्यंत ऐकू जाई, "दडपलेला राग आहे. लहानपणापासूनचा."

वडील 'नाही' म्हणाले. जयंती 'हो' म्हणाली. आधीच्या मुलांनी तिची उंची विचारली होती, पगार विचारला होता, एकाने तर चालून दाखवायला सांगितलं होतं. डोळे मिटल्यावर तिला काय दिसतं, हे कोणी विचारलं नव्हतं. आणि तिला खरोखरच उंचावरून पडल्याची स्वप्नं पडत. ह्याला कसं कळलं? लग्नानंतर तिच्या लक्षात आलं की तो हे सगळ्यांनाच विचारतो, आणि सगळ्यांनाच तशी स्वप्नं पडतात.

घाटकोपरला पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा संसार सुरू झाला. नंदकुमार फोर्टातल्या एका विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांची दुखणी कागदावर वाचायची आणि त्यावर शंका घ्यायच्या, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी येताना तो शंका ऑफिसात ठेवून येई आणि दुखणी तेवढी बरोबर आणी. पण माणूस लाख. कोणाच्या घरी आजारपण असलं की हा आधी हजर. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेईल, रॉकेलच्या रांगेत दुसऱ्याचा डबा घेऊन उभा राहील, परीक्षेच्या दिवसांत पोरांचे पाढे घेईल. कोणाबद्दल वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. त्याच्या मते जगात वाईट माणूसच नव्हता. सगळे आजारी होते.

त्र्याऐंशी साली त्याने मानसशास्त्राचा टपाली कोर्स लावला आणि मग मात्र कॉलनीची वाट लागली. दर महिन्याला नाशिकहून एक पिवळ्या वेष्टणाची पुस्तिका यायची. एका पुस्तिकेत एक विकार. ज्या महिन्यात जो विकार येई, तो त्या महिन्यात पंतनगरात पसरे. जानेवारीत न्यूनगंड आला, तेव्हा रेशन दुकानदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना न्यूनगंड झाला. फेब्रुवारीत हिस्टेरिया आल्यावर ते सगळे त्यातून बरे झाले आणि त्यांच्या बायका आजारी पडल्या. एकदा पोस्टाचा काहीतरी घोळ झाला आणि पुस्तिका आलीच नाही. तो महिनाभर कॉलनी ठणठणीत होती.

लोक हसत. "काय टिपणीस, आज मला काय झालंय?" असं जिन्यात थांबवून विचारत, आणि हा खरंच थांबून, पिशवी खाली ठेवून, सांगे. लोकांना गंमत वाटे, थोडं बरंही वाटे. एवढ्या मोठ्या मुंबईत कोणीतरी आपल्याकडे इतकं निरखून बघतंय, हे काही कमी नव्हतं.

घरात निरखून बघून घ्यायला जयंती एकटीच होती. आमटीत मीठ जास्त पडलं की 'नकळत घेतलेला सूड'. कमी पडलं की 'आत्मविश्वासाचा अभाव'. मीठ हे नुसतं मीठ म्हणून त्या घरात बारा महिन्यांत एकदाही पडलं नाही.

"अहो, पुडी ओली होती, एकदम सगळं पडलं," ती म्हणे.

"बघ, तू कारणं देतेयस," नंदकुमार प्रेमाने म्हणे. "याला रॅशनलायझेशन म्हणतात."

"मग काय करू? गप्प बसू?"

"गप्प बसणं तर आणखी वाईट गं."

चिडली तर ते लक्षण, हसली तर ते लक्षण लपवणं. जयंती शेवटी आमटी वाढून मोकळी होई. आपल्या नवऱ्याशी भांडता येत नाही हे तिचं दुःख शेजारणींना कधी समजलंच नाही. त्यांचे नवरे निदान ओरडत तरी.

त्यांची इमारत काटकोनात वळलेली होती. वळणापलीकडे, त्याच मजल्यावर, दशरथ परब राहत. मालवणकडचे. लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात त्यांची हयात गेली होती. संपात मिल बंद पडली ती पडलीच, आणि परब आता मार्केटातल्या पिठाच्या गिरणीत डबे वजन करून द्यायला बसत. माणूस मोठ्याने बोलणारा. "काय वयनी, जेवलास काय?" असं त्यांनी जिन्यात विचारलं की तळमजल्यावरच्या बायका 'हो' म्हणत. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडत, तिथे आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात आणि आवाज वाढतो, हे त्यांची बायको रुक्मिणी हिने जयंतीला आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

त्या धडधडाटात एकमेकांशी बोलायचं कसं? तर ओठ हलवून आणि हातवारे करून. आवाज काढायचाच नाही, काढून उपयोग काय. परबांच्या शेजारच्या मागावर धाकू तावडे होता, आणि हे दोघे वर्षानुवर्षं असेच बोलत आले. योगायोगाने धाकूही पंतनगरातच, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. त्याचे कान परबांपेक्षा गेलेले. मग काय, रोज संध्याकाळी परब गॅलरीत येत, धाकू खिडकीत येई आणि मधल्या मैदानावरून, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून, दोघांच्या बिनआवाजी गप्पा रंगत. जयंतीला बघून बघून त्यातलं थोडं कळायला लागलं होतं. तळहात आडवा धरून हलवला की मासळी. दोन बोटांनी नसलेल्या मिशीला पीळ दिला की त्यांच्या खात्यातला जुना मास्तर. तो मरून कितीतरी वर्षं झाली होती, पण त्याला रोज संध्याकाळी शिव्या ठरलेल्या. मग दोघेही पोट धरून हसत.

जयंती हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघे. कणीक मळता मळता तिचा तो सिनेमाच होता.

हॉलच्या खिडकीतून मात्र फक्त परबांची गॅलरी दिसे. धाकूच्या खिडकीच्या नेमकी आड पाण्याची उंच टाकी येई. आणि नंदकुमार संध्याकाळी बसे तो हॉलच्या खिडकीशी. स्वयंपाकघर हा त्याच्या दृष्टीने परदेश होता. तिथून चहाची आयात होते एवढं त्याला ठाऊक होतं. स्वतः जाण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या जुलैत स्किझोफ्रेनियाची पुस्तिका आली.

त्या संध्याकाळी जयंती चहा घेऊन बाहेर आली तर नंदकुमार खिडकीशी उभा. चेहरा पांढराफटक.

"जयंती," तो म्हणाला, "परब गेले गं."

"कुठे गेले? आत्ता तर गॅलरीत होते."

"तसे नव्हे. मनाने गेले." त्याने पुस्तिका छातीशी धरली होती. "बघ. ओठ हलतायत, आवाज नाही. हातवारे. समोर चिटपाखरू नाही. मध्येच हसतायत. शब्दाला शब्द जुळतंय सगळं."

जयंतीला हसू फुटलं. "अहो, ते धाकूशी बोलतायत. समोर तिसऱ्या मजल्यावर. मिलमधल्या लोकांची पद्धत आहे ती. चला, आत या, खिडकीतून दाखवते."

"आत काय बघायचंय? मला इथून दिसतंय ना." मग अगदी हळू आवाजात, "घरच्या माणसांना, शेजारच्यांना असंच वाटतं गं. समोर खरंच कोणीतरी आहे असं. पान बारावर दिलंय."

त्या रात्री तो जेवला नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि जयंतीला तेच पेलवेना. ढोंगी असता तर चार शब्द सुनावले असते.

हे त्याने इतर कोणाला सांगितलं नाही, हेही खरं. तो फक्त परबांशी फार हळुवारपणे वागू लागला. जिन्यात भेटले की त्यांचा हात हातात घेऊन सावकाश म्हणे, "परब, कसं वाटतंय?" परबांना अर्धंच ऐकू येई. त्यांना वाटे, टिपणीस गिरणीतलं पीठ कसं वाटतंय म्हणून विचारतायत. "बारीक देतंय!" ते गर्जत. नंदकुमार डोळे पुसत वर येई.

जयंतीने तो महिना चाललं तसं चालू दिलं. पुढची पुस्तिका येईल, हा आजार जाईल, असा तिचा हिशेब होता. पण ऑगस्टमध्ये 'स्किझोफ्रेनिया, भाग दोन' आला, आणि त्याच आठवड्यात रुक्मिणी धावत आली.

"वयनी, प्रेमाचा जमता हा!" ती दारातच म्हणाली. "पोरगो बरो आसा. मधुकर नाव. मरोळाक फॅक्टरीत फिटर. प्रेमाक पण पसंत."

प्रेमा तिची एकुलती एक. ती मागे उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. प्रेमाला असं लाजताना जयंतीने कधी पाहिलं नव्हतं. एरवी ही पोरगी भाजीवाल्याला घाम फोडायची.

"मग अडलंय कुठे?"

"फक्त चौकशी रवली."

आता चौकशी म्हणजे काय, हे मुंबईतल्या कुठल्याही मुलीच्या आईला विचारावं. पत्रिका जुळलेली असते, मुलं पसंत असतात, देणंघेणं ठरलेलं असतं. मग एके दिवशी मुलाकडचा एक गरीब चेहऱ्याचा माणूस छत्री घेऊन मुलीच्या इमारतीत शिरतो आणि 'इथे एखादी खोली भाड्याने मिळेल का' असं विचारत शेजाऱ्यांच्या दारात बसतो. चहा होतो. हवापाणी होतं. आणि उठता उठता तो सहज म्हणतो, 'हे पलीकडचे लोक कसे आहेत हो?' त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर मांडव उभा राहतो नाहीतर राहत नाही.

"जो कोण येतलो तो पयलो तुमच्याच दारार येतलो," रुक्मिणी म्हणाली. "जिन्याच्या तोंडार तुम्हीच. टिपणीस सायब शिकलेले, हापिसातले. तेंचा ऐकतले. जरा बरा सांगा, काय?"

'हो' म्हणून जयंतीने दोघींच्या हातावर साखर ठेवली.

रात्री तिने विषय काढला. "कोणी आलं तर परबांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कोणाबद्दल कधी वाईट बोललोय?"

"नाही बोललात."

"मग?"

"वाईट नका बोलू, चांगलंही नका बोलू. तुम्ही काहीच बोलू नका. शपथ घ्या माझी."

"अगं, आजार म्हणजे काय वाईटपणा आहे का? लोक लपवतात तिथेच तर सगळं चुकतं." पण शपथ घेतली बिचाऱ्याने. नंतर बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. कसली एवढी भीती वाटते तुला, असं त्याला विचारायचं होतं, हे तिला न विचारताच कळलं.

चौकशीवाले रविवारी येतात. घरात पुरुषमाणसं भेटावीत म्हणून. तेव्हा रविवारी नंदकुमारला मुलुंडला त्याच्या बहिणीकडे पाठवायचं, असं जयंतीने ठरवलं. बहिणीलाही कळवून ठेवलं. तिची योजना अगदी बिनचूक होती. नंदकुमारला बुधवारी सर्दी झाली, एवढंच काय ते तिच्यात बसलं नाही.

गुरुवारी तो रजा घेऊन, डोक्याला मफलर गुंडाळून, हॉलमध्ये वाफ घेत बसला होता. जयंती आत भाकऱ्या करत होती. बेल वाजली.

"इथे खोली बिली भाड्याने मिळेल काय हो कुठे?"

जयंतीचा हात परातीतच थांबला.

दारात पांढरी टोपी, हातात छत्री, चेहरा गरीब. मुलाचे मामा, कुंडलिक. नंदकुमारने त्यांना वरून खाली एकदा पाहिलं आणि तो आनंदाने म्हणाला, "तुम्ही चौकशीला आलात ना? परबांच्या? या, या, बसा!"

मामांचा अख्खा बेत दारातच गळून पडला. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मुलगी म्हणजे सोनं आहे," नंदकुमार नाकातून म्हणाला. "कामाला वाघ. आई अगदी साधी. घर आरशासारखं. मी सांगतो तुम्हाला, डोळे मिटून करून घ्या."

आत जयंतीने डोळे मिटले. देवा, इथेच थांबव रे याला.

"बरं, बरं," मामा खुलले. "आणि वडील?"

जयंती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावली. नंदकुमारने तिच्याकडे पाहिलं. त्याला शपथ आठवत होती. तोंड घट्ट मिटलेलं होतं. पण चेहरा? चेहऱ्यावर सगळी पुस्तिका भाग एक-दोनसकट उघडी पडली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सगळंच काही सर्दीचं नव्हतं.

"का हो?" मामा पुढे सरकले. "काही आहे का?"

"काही नाही!" जयंती म्हणाली. "देवमाणूस आहेत ते."

"देवमाणूसच," नंदकुमार म्हणाला. "म्हणून तर वाईट वाटतं."

"कशाचं वाईट वाटतं?"

आणि मग ते निघालंच. त्याने फार हळुवारपणे सांगितलं. एखाद्याच्या घरचं कोणी गेलंय हे सांगावं तसं. ओठ हलतात, आवाज नाही, समोर कोणी नसतं. आजार आहे, दोष नाही. आपल्याकडे लोक घाबरतात, तसं घाबरायचं नाही.

"अहो, समोर धाकू असतो!" जयंती जवळजवळ ओरडली. "त्याच्याशी बोलतात ते! मामा, तुम्ही चला माझ्याबरोबर आत, मी दाखवते तुम्हाला तो कुठे असतो!"

नंदकुमारने मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मिसेस फार हळव्या आहेत आमच्या. त्यांनाही हल्ली वाटतं, समोर कोणीतरी आहे."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. केस सुटलेले, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, आणि ही बाई त्यांना, परक्या पुरुषाला, स्वयंपाकघरात बोलावत होती. त्यांनी छत्री जवळ ओढली. टळटळीत दुपार होती. त्या वेळी धाकू झोपलेला असे, हेही जयंतीला त्याच क्षणी आठवलं.

उठता उठता मामांनी खालच्या आवाजात एकच विचारलं. "हे पुढे पोराबाळांत उतरतं काय हो?"

खोटं बोलणं नंदकुमारच्या रक्तात नव्हतं. "पुस्तकात म्हटलंय, काही वेळा. पण तुम्ही मुलगी करून घ्याच. फक्त जरा लक्ष ठेवा."

आठवड्याभरात मधल्या माणसाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. महिन्यापूर्वी त्याच पत्रिका मस्त जुळल्या होत्या. मधला माणूस तोंडाचा सैल होता, त्यामुळे खरं कारणही त्याच संध्याकाळी परबांच्या घरी पोचलं.

रुक्मिणी भांडायला येईल म्हणून जयंती दार उघडंच ठेवून बसली होती. भांडली असती तर किती बरं झालं असतं. रुक्मिणी आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "वयनी, तेवा तुम्ही घरातच हुतास मां?"

एवढंच विचारलं आणि गेली.

"मी करून घ्या म्हटलं होतं गं," नंदकुमार पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी दोनदा म्हटलं, करून घ्या."

"चला माझ्याबरोबर मरोळला. सांगा त्यांना, चूक झाली म्हणून."

"चूक कशी म्हणू? मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या म्हणण्याने त्यांचा आजार जाणार आहे का?"

म्हणून ती एकटीच गेली. मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे एका चाळीत मधुकरच्या आईने, मालनबाईंनी, तिला नीट बसवलं, चहा केला. बाई वाईट नव्हती. मधुकर कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

जयंतीने सगळं सांगितलं. माग, धडधडाट, कान, धाकू, पाण्याची टाकी. मालनबाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे हातवारे करतात, ते खरं तर," त्या म्हणाल्या.

"करतात. पण समोर माणूस असतो!"

"आमच्या भावाने विचारलं तेव्हा तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, नसतो. शिकलेले आहेत ना ते? मोठ्या ऑफिसात?"

"हो."

"मग ते खोटं कशाला बोलतील?"

"खोटं नाही हो बोलले. त्यांना तसं वाटतं."

"काय वाटतं?"

जयंतीने ओठ चावला. दुसरा रस्ता दिसत नव्हता. समोर मधुकरने पहिल्यांदाच मान वर केली होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. जणू ती एक शब्द नीट बोलली की तो उठून उभाच राहणार होता.

"त्यांचं मन ठीक नाही," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचं. त्यांना सगळीकडे आजारच दिसतात. जो दिसेल तो आजारी. बरीच वर्षं आहे हे. परबांना काही झालेलं नाही, झालंय ते ह्यांना."

शब्द किती सहज आले. हेच, अगदी हेच, असाच हळू आवाज काढून, तो बोलत असे.

मालनबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरी कणव होती.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याही घरात?"

"तसं नाही हो..."

"तुम्ही किती सोसता गं बाई. कुंडलिक म्हणालाच होता, बाई पण जरा वेगळ्या वाटल्या म्हणून." त्यांनी सुस्कारा सोडला. "काय एकेक बिल्डिंगचं नशीब असतं. पाण्यातच काहीतरी असेल तिथल्या."

मधुकर काही बोलेल म्हणून जयंती थांबली. मधुकर म्हणाला, "आई म्हणेल तसं." आणि मान पुन्हा खाली.

परत आल्यावर मरोळला काय बोलली, हे तिने नंदकुमारला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्या रात्री आमटीत मीठच नव्हतं. तो मुकाट्याने जेवला.

परबांनी या प्रकरणावर कोणाला काही विचारलं नाही. आपल्या हातांमुळे पोरीचं लग्न मोडलं, एवढं त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं. ते संध्याकाळी गॅलरीत येत, पण दोन्ही हात काखेत दाबून धरत. ओठही मिटलेले. जिन्यात भेटले की नुसती मान हलवत. तळमजल्यावरच्या बायका म्हणत, परब अलीकडे किती शांत झाले नाही? प्रेमा भाजीवाल्याशी भांडेनाशी झाली होती. सांगेल त्या भावाने घेऊन येई.

"बघ," नंदकुमार एके संध्याकाळी हॉलच्या खिडकीतून म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, काळजीच होती. "आता बोलणंही गेलं. हा पुढचा टप्पा."

जयंतीने हातातली उलथणी खाली ठेवली. नंदकुमारचं मनगट धरलं आणि त्याला, पाच-सात पावलांवरच्या त्या परदेशात, ओढत नेलं. ओट्याशी उभं केलं. खिडकीची दोन्ही दारं उघडली.

"बघा आता. बघा!"

समोर तिसऱ्या मजल्यावर धाकू तावडे होता. गजांतून दोन्ही हात बाहेर काढून तो जिवाच्या आकांताने विचारत होता. तळहात आडवा हलवून दाखवला. मिशीला पीळ दिला. ओठ हलवले, पुन्हा हलवले. काय झालं रे, काय झालं, बोल की. इकडे परब गॅलरीत काखेत हात घट्ट दाबून, खाली मैदानातल्या पोरांकडे बघत उभे होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

नंदकुमार बराच वेळ बघत राहिला. ओट्यावरची आमटी उतू गेली. जयंती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता कळेल. आता कळायलाच हवं.

"अरेरे," नंदकुमार म्हणाला. "जयंती, हा समोरचाही गं. परब तर बिचारे त्याच्याकडे बघतही नाहीत, आणि हा एकटाच..."

जयंतीने खिडकी लावून घेतली आणि आमटी पुसायला घेतली.

पुढच्या मे महिन्यात परबांनी खोली विकली आणि ते सगळे गावी गेले. तिथे आता एक दातांचे डॉक्टर राहतात.